कुत्र्याला चॉकलेट : लाड नव्हे, विषबाधा

या सदरात आजवर आपण विंचूदंश, सर्पदंश, चुकून पोटात गेलेले कीटकनाशक, मुलांनी खाल्लेल्या मोठ्यांच्या गोळ्या अशा अनेक विषबाधांची माहिती घेतली. आजचा रुग्ण मात्र चार पायांचा आहे. मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्य नव्हे. तेव्हा कुत्र्याविषयी मी का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे. लहान गावात रात्री-अपरात्री ज्याचा दिवा दिसतो त्या डॉक्टरचे दार वाजते. मग दारात आजी असो, नातू असो वा नातवाचा कुत्रा असो. शिवाय या विषाची सगळी भावकी आम्हा माणसांच्या डॉक्टरांना चांगली परिचयाची आहे. ती कशी, ते पुढे येईलच.

आता घरोघरी कुत्री पाळली जातात. पूर्वी कुत्रा अंगणात असे आणि भाकरीच्या तुकड्यावर राहत असे. आता तो दिवाणखान्यात आला, सोफ्यावर बसू लागला आणि घरच्यांच्या ताटातले खाऊ लागला. त्याच काळात चॉकलेटही घरात आले. वाढदिवस, परीक्षेचा निकाल, दिवाळीची भेट, पाहुण्यांनी आणलेला खाऊ, सगळीकडे चॉकलेट. मुले एक तुकडा आपल्या तोंडात टाकतात आणि एक कुत्र्याच्या. त्यात मुलांचे प्रेमच असते. पण हे प्रेम कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते, हे पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते.

चॉकलेट म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ‘चॉकलेट’ हा शब्द फार सैल वापरला जातो. लिमलेटची गोळी, संत्र्याची गोळी, कॉफीची टॉफी, दुधाची वडी, या सगळ्यांना मुले चॉकलेटच म्हणतात, आणि दुकानदारही. त्यामुळे ‘आमचा कुत्रा रोज चॉकलेट खातो, त्याला काही होत नाही’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. चौकशी केली की कळते, तो खातो ती साखरेची गोळी. त्यात कोको नावालाही नसतो.

खरे चॉकलेट कोकोच्या बियांपासून बनते. कोकोच्या झाडाला शास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ‘थिओब्रोमा’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ देवांचे अन्न. पुढे १८४१ मध्ये अलेक्झांडर वोस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने कोकोच्या बियांतून एक कडू पदार्थ वेगळा काढला. झाडाच्या नावावरून त्याला थिओब्रोमीन म्हणू लागले. नावात ब्रोमीन असले तरी या पदार्थात ब्रोमीन अजिबात नसते. कुत्र्याला मारक ठरतो तो हाच पदार्थ. त्याच्या जोडीला थोडे कॅफीनही असते.

थिओब्रोमीनला दोन जवळचे भाऊ आहेत. एक चहा-कॉफीतले कॅफीन आणि दुसरा थिओफायलीन. दम्याच्या जुन्या रुग्णांना थिओफायलीन ओळखीचे असेल. डेरिफायलीन नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांत तेच असते. ते घेतल्यावर छातीत धडधडते, हात थरथरतात, मळमळते, झोप येत नाही, अशी तक्रार रुग्ण नेहमी करतात. उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत या औषधाचे अंतर फार थोडे आहे. म्हणून आम्ही ते जपून देतो. आता हीच धडधड आणि हीच थरथर अनेक पटींनी वाढवून एखाद्या पाच किलोच्या जिवात कल्पून पाहा. कुत्र्याला चॉकलेटची बाधा होते म्हणजे काय होते, ते त्यावरून लक्षात येईल.

आपल्याला चालते, मग कुत्र्याला का नाही?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर यकृतात आहे. पोटात गेलेला कोणताही परका पदार्थ यकृत मोडून काढते आणि मग तो लघवीवाटे बाहेर पडतो. हे काम यकृतातील विकरे करतात. प्रत्येक प्राण्याच्या विकरांचा वेग सारखा नसतो.

घरातल्या मोरीचे उदाहरण घ्या. मोरीचे तोंड मोकळे असेल तर बादलीभर पाणी ओतले तरी ते बघता बघता निघून जाते. तोंड अर्धे तुंबलेले असेल तर तेच पाणी साचते आणि घरात शिरते. माणसाच्या शरीरातील थिओब्रोमीन साधारण सात-आठ तासांत निम्मे होते. कुत्र्याच्या शरीरात ते निम्मे व्हायला सुमारे साडेसतरा तास लागतात. म्हणजे रविवारी संध्याकाळी ६ वाजता जेवढे विष रक्तात आहे, त्यातले निम्मे सोमवारी सकाळी साडेअकरापर्यंत तसेच राहते. मंगळवारी पहाटे ५ वाजता पाव हिस्सा शिल्लक असतो. मंगळवारी रात्री साडेदहा वाजले तरी आठवा हिस्सा उरतोच. म्हणूनच या बाधेची लक्षणे तीन-तीन दिवस टिकतात. आज थोडे, उद्या थोडे असे देत राहिल्यास आदल्या दिवसाच्या शिलकीवर नवी भर पडते, तीही यामुळेच.

आणखी एक अडचण आहे. यकृतातून पित्तावाटे आतड्यात आलेले विष पुन्हा रक्तात शोषले जाते. मूत्राशयात जमा झालेल्या लघवीतूनही त्याचा काही भाग परत रक्तात जातो. तेव्हा कुत्र्याला वारंवार लघवीला नेणे हासुद्धा उपचाराचाच भाग आहे. एरवी क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरा मुद्दा वजनाचा. ६० किलोच्या माणसाने ५० ग्रॅम डार्क चॉकलेट खाल्ले तर दर किलो वजनामागे त्याला साडेचार मिलिग्रॅमही विष मिळत नाही. तेच चॉकलेट ५ किलोच्या पामेरियनने खाल्ले तर दर किलोला ५० मिलिग्रॅमहून अधिक मिळते. आधी मात्रा बारा पट आणि त्यात निचरा मंद. असा हा दुहेरी फटका असतो.

शरीरात नेमके काय घडते?

मेंदू, हृदय आणि रक्तवाहिन्या यांना ‘आता दमाने घ्या’ असे सांगणारा अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ शरीरात सतत तयार होत असतो. थिओब्रोमीन त्याची जागा बळकावून बसते. कुलपात दुसरीच किल्ली अडकून बसावी तसे हे होते. थांबण्याचा निरोपच पोचत नाही, त्यामुळे मेंदू उत्तेजित राहतो आणि हृदय धावत सुटते. जोडीला पेशींमध्ये उत्तेजनाचा संदेश वाहणारे पदार्थ साचतात, आणि स्नायूंच्या पेशींतील कॅल्शियम वाढून स्नायू ताठरतात, थरथरतात. मूत्रपिंडावर परिणाम होऊन लघवी खूप होते. सतत थरथरणाऱ्या स्नायूंमुळे अंग तापते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला उष्णता बाहेर काढावी लागते. त्यामुळे ताप झपाट्याने चढतो. मृत्यू येतो तो हृदयाचे ठोके बेताल झाल्याने, अतितापाने किंवा श्वास बंद पडल्याने.

किती चॉकलेट म्हणजे धोका?

सगळी चॉकलेटे सारखी घातक नसतात. कोको जितका जास्त, रंग जितका काळा आणि चव जितकी कडू, तितका धोका मोठा. थिओब्रोमीन आणि कॅफीन मिळून एका ग्रॅममध्ये साधारण किती असते, ते पाहू.

पांढरे चॉकलेट : नगण्य
दुधाचे चॉकलेट : सुमारे २.३ मिलिग्रॅम
गोड डार्क चॉकलेट : सुमारे ५.३ मिलिग्रॅम
केकसाठीचे बिनसाखरेचे चॉकलेट : सुमारे १५.५ मिलिग्रॅम
कोरडी कोको पावडर : सुमारे २८.५ मिलिग्रॅम

कोकोच्या जातीप्रमाणे हे आकडे थोडे कमी-अधिक होतात. आता कुत्र्याच्या बाजूचा हिशेब. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम पोटात गेले की उलटी, जुलाब, तहान अशी सौम्य लक्षणे दिसू लागतात. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयावर परिणाम होतो. ६० मिलिग्रॅमच्या पुढे आकडी येऊ शकते. १०० ते २०० मिलिग्रॅमच्या दरम्यान निम्मी कुत्री दगावतात असे मानले जाते. एखादे कुत्रे त्याहून कमी मात्रेतही जाते. म्हातारे, हृदयविकार असलेले किंवा आकडीची सवय असलेले कुत्रे अधिक नाजूक समजावे.

हा हिशेब घरगुती भाषेत मांडू. ५ किलोच्या पामेरियनला साधारण ४५ ग्रॅम दुधाचे चॉकलेट, १९ ग्रॅम डार्क चॉकलेट किंवा अवघी साडेतीन ग्रॅम कोको पावडर त्रास द्यायला पुरेशी आहे. साडेतीन ग्रॅम म्हणजे चहाचे दोन चमचेसुद्धा भरत नाहीत. १० ग्रॅमच्या वर कोको पावडर पोटात गेली तर त्याला आकडी येण्याइतकी मात्रा होते. ३० किलोच्या लॅब्राडॉरला हेच आकडे सहा पट लागतील. म्हणून दुधाच्या चॉकलेटची एक वडी खाऊन लॅब्राडॉरला काहीच झाले नाही, यात नवल नाही. पण तो अनुभव शेजारच्या छोट्या कुत्र्याला लागू करू नये.

हल्ली घरी केक आणि चॉकलेट बनवण्याचे वर्ग गावोगावी चालतात. त्यासाठी लागणाऱ्या ‘कंपाऊंड’च्या मोठ्या लाद्या स्वयंपाकघरात असतात. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असले तरी कोको पावडर असतेच. काळ्या कंपाऊंडला डार्क चॉकलेटइतकेच घातक समजून वागावे.

पांढऱ्या चॉकलेटमध्ये विष नगण्य असले तरी ते देण्यातही शहाणपण नाही. कोणत्याही चॉकलेटमधील भरपूर स्निग्धांशामुळे कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तिची लक्षणे एक ते तीन दिवसांनी दिसतात. तोवर चॉकलेटची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

लक्षणे कशी ओळखावीत?

लक्षणे लगेच दिसत नाहीत, आणि इथेच बहुतेक घरे फसतात. चॉकलेट खाऊन कुत्रा तास-दोन तास मजेत खेळतो. घरचे निश्चिंत होऊन झोपतात. बहुधा ६ ते १२ तासांत खरा त्रास सुरू होतो.

पहिली पायरी : खूप तहान, उलटी, जुलाब, पोट फुगणे, अस्वस्थ येरझाऱ्या.
दुसरी पायरी : वारंवार लघवी, जोरात धापा, छातीत धडधड, झोकांड्या, अंग ताठ होणे, थरथर.
तिसरी पायरी : ताप, हिरड्या निळसर पडणे, आकडी, बेशुद्धी.

छातीच्या डाव्या बाजूला, कोपराच्या मागे तळहात ठेवला की कुत्र्याचे ठोके लागतात. विश्रांतीत बहुतेक कुत्र्यांचे ठोके मिनिटाला ७० ते १२० असतात, लहान जातींत थोडे अधिक. मोजताही येणार नाहीत इतके ते जलद असतील, तर एक मिनिटही दवडू नये.

पिसाळला समजून घात

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींच्या घरची गोष्ट सांगतो. ऐन दिवाळीतली सकाळ. त्यांच्या पामेरियनने रात्रीतून दोनदा उलटी केली, घरभर लघवी केली आणि पहाटेपासून तो थरथरत, तोंडाला फेस आणून येरझाऱ्या घालत होता. शेजारी जमले. कोणीतरी म्हणाले, ‘पिसाळलाय.’ झाले! कुत्र्याला मोरीत कोंडले आणि दोघे तरुण काठ्या घेऊन दाराशी उभे राहिले. गुरुजींची नात रडत होती. मला बोलावणे आले.

गुरुजी म्हणाले, ‘डॉक्टर, हा खरंच पिसाळला असेल का हो?’

मी विचारले, ‘गुरुजी, पाणी पितोय का?’

‘पितोय म्हणजे? रात्रीपासून बादली रिकामी केली.’

‘काल रात्री काय खाल्लं?’

कोणालाच सांगता येईना. शेवटी नातीनेच पलंगाखालून चकचकीत कागद काढून दिला. पुण्याहून भेट आलेल्या १०० ग्रॅम डार्क चॉकलेटपैकी अर्धे रात्री दहाच्या सुमारास त्याने फस्त केले होते. वजन साधारण ५ किलो. हिशेब केला तर दर किलोला ५३ मिलिग्रॅम. म्हणजे हृदयाची पायरी ओलांडलेली आणि आकडीची जवळ आलेली. मी तिथूनच पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन लावला आणि वजन, वेळ व कागदावरचा मजकूर त्यांना वाचून दाखवला. कुत्र्याला चादरीत गुंडाळून रिक्षाने दवाखान्यात नेले. सलाईन, ठोके आवरण्याचे इंजेक्शन, थरथर थांबवण्याचे इंजेक्शन, असे दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी तो दूधभाकरी खाऊ लागला.

आणखी तासभर कोणी काही विचारले नसते तर त्या काठ्या चालल्या असत्या.

म्हणून इथे थोडे सविस्तर सांगतो. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या वागण्यात काही दिवस आधीपासून बदल होतो. त्याला गिळता येत नाही, जबडा लोंबतो, लाळ गळते, पुढे अंग लुळे पडते. चॉकलेटची बाधा काही तासांत येते, उलटीने सुरू होते आणि कुत्रा ढसाढसा पाणी पितो. तरीही हा निवाडा घरच्या माणसांनी करू नये, तो पशुवैद्यांवर सोपवावा. तोवर कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. आकडीतले कुत्रे मालकालाही चावते. चावा बसला, ओरखडा आला किंवा जखमेवर लाळ पडली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची जखमेवर लावू नये. ‘चॉकलेटच खाल्लं होतं’ अशा अंदाजावर लस टाळू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही.

तातडीने काय करावे?

१) उरलेले चॉकलेट काढून घ्यावे. कागद, डबा जपून ठेवावा. कोणते चॉकलेट, किती, किती वाजता खाल्ले आणि कुत्र्याचे वजन किती, या चार गोष्टी कागदावर लिहाव्यात.

२) लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करावा. खाल्ल्यावर पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवली तर बरेचसे विष बाहेर पडते. चॉकलेट पोटात रेंगाळत असल्याने थोडा उशीर झाला तरी पशुवैद्य तो प्रयत्न करू शकतात.

३) उलटी फक्त पशुवैद्यांच्या सांगण्यावरूनच करवावी. कुत्रा थरथरत असेल, झिंगलेला वा बेशुद्ध असेल तर मुळीच नको. उलटी फुप्फुसात जाऊन तो गुदमरेल.

४) मिठाचे पाणी पाजू नये. आपल्याकडे हा उपाय सर्रास करतात. त्याने रक्तातील सोडियम वाढून मेंदूला इजा होते, आणि चॉकलेटमधून वाचलेला कुत्रा मिठाने जातो.

५) दूध, तूप, तेल, ताक जबरदस्तीने घशात ओतू नये. दुधाने हे विष उतरत नाही. तूप-तेलाने स्वादुपिंडावरचा ताण मात्र वाढतो.

६) पशुवैद्य विष शोषून घेण्यासाठी खास तयार केलेला वैद्यकीय कोळसा देतात. चुलीतला किंवा इस्त्रीचा कोळसा म्हणजे तो नव्हे.

७) कुत्र्याला शांत, गार, अंधाऱ्या खोलीत ठेवावे. भोवती गर्दी नको. पिण्याचे पाणी समोर असावे आणि थोड्या थोड्या वेळाने लघवीला न्यावे.

या विषावर थेट उतारा नाही. सर्पदंशाला जशी लस असते तशी याला नाही. उपचार म्हणजे पोटातले विष काढणे, सलाईनने लघवी वाढवणे, आकडी थांबवणे, हृदयाचे ठोके आवरणे आणि निचरा होईपर्यंत जीव तगवून धरणे. पण वेळेत नेल्यास बहुतेक कुत्री वाचतात. उशीर झाल्यास काय होते, याचेही एक उदाहरण आहे. माझ्या एका रुग्णबाईंच्या घरी केक करताना कोको पावडरचा डबा ओट्यावर उघडा राहिला. आठ किलोच्या पिल्लाने किमान ५० ग्रॅम पावडर चाटली. ‘गोड-धोड खाल्लंय, दोन जुलाब होतील आणि बरा होईल’ असे म्हणून घरचे थांबले. पहाटे आकड्या सुरू झाल्या आणि दवाखान्याच्या वाटेवरच पिल्लू गेले. दर किलोला पावणेदोनशे मिलिग्रॅमच्या वर मात्रा होती. संध्याकाळीच नेले असते तर निदान आशा होती.

वाचकांच्या नेहमीच्या शंका

‘गोड खाल्ल्याने कुत्र्याला जंत होतात म्हणून चॉकलेट देत नाहीत ना?’

नाही. जंत होतात ते जंतांची अंडी किंवा अळ्या पोटात गेल्याने, पिसवांमुळे आणि काही वेळा आईकडून पिल्लांना. साखरेने जंत होत नाहीत. साखरेने वजन वाढते, दात किडतात. चॉकलेटचा धोका त्याच्या गोडीत नाही, कडूपणात आहे.

‘मांजरीचे काय?’

थिओब्रोमीन मांजरीलाही घातक आहे. मात्र मांजरीला गोड चव कळतच नाही. ही चव ओळखण्यासाठी लागणारे जनुक तिच्यात निकामी असते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यामुळे ती सहसा चॉकलेटच्या वाटेला जात नाही. कुत्र्याला गोड आवडते आणि तो चघळत बसत नाही, कागदासकट गिळतो. त्या कागदाने आतडे अडकण्याचा वेगळाच धोका असतो.

‘चहात बुडवलेले बिस्किट चालेल का?’

एखाद्या बिस्किटाने विषबाधा होणार नाही. पण चहातले कॅफीन थिओब्रोमीनचेच भावंड आहे, तेव्हा ही सवय लावू नये. चहा-कॉफीची कोरडी पावडर मात्र कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये.

‘आणखी काय टाळावे?’

द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे २०२१ पासून मानले जाऊ लागले आहे. नाशिक-सांगलीकडे, जिथे घरोघरी द्राक्षे-बेदाणे असतात, तिथल्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. चिंचेतही हे आम्ल भरपूर असते. कांदा-लसूण, कच्चा असो वा रश्श्यातला, तांबड्या रक्तपेशी फोडतो आणि काही दिवसांनी पंडुरोग दिसतो. साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉलने कुत्र्याची रक्तशर्करा तासाभरात धोकादायक पातळीला उतरू शकते.

माणसांच्या औषधांविषयी एक शब्द

हा विषय निघाला आहे तर माझ्या व्यवसायाशी थेट संबंध असलेली गोष्ट सांगतो. ‘डॉक्टर, कुत्रा लंगडतोय, आमचीच दुखण्याची गोळी अर्धी देऊ का?’ असे विचारणारे महिन्यातून एक-दोन तरी भेटतात. उत्तर एकच, देऊ नका. आपली तापाची साधी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. तिच्या यकृतात ते औषध निरुपद्रवी करणारी व्यवस्था फार अपुरी असते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे बिघडतात. औषध तेच, पण निचऱ्याचा वेग वेगळा, हे सूत्र इथेही लागू आहे.

हे सूत्र माणसांनाही सोडत नाही. थिओफायलीनची गोळी चालू असलेल्या दम्याच्या रुग्णाने सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आपल्या मनाने घेतले, तर थिओफायलीनचा निचरा मंदावतो आणि नेहमीचीच गोळी विषासारखी बाधते. धडधड, उलट्या, क्वचित आकडीसुद्धा येते. म्हणजे त्या रुग्णाची अवस्था चॉकलेट खाल्लेल्या कुत्र्यासारखी होते. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण घेऊ नये, आणि डॉक्टरांना चालू औषधांची चिठ्ठी दाखवावी, हा आमचा आग्रह यासाठीच असतो.

थोडक्यात

चॉकलेट, कोको पावडर आणि कंपाऊंड बंद डब्यात, उंच फळीवर ठेवावे. दिवाळी, नाताळ, वाढदिवस या दिवसांत विशेष काळजी घ्यावी. पाहुण्यांना आणि मुख्यतः मुलांना हे समजावून सांगावे. मुलांना रागावून उपयोग नाही. ‘आपल्याला जे चालतं ते त्याच्या पोटाला चालत नाही’ एवढे वाक्य त्यांना पुरते. मुलांना कुत्र्याला खाऊ द्यायचाच असेल तर भाकरीचा तुकडा, उकडलेले अंडे किंवा गाजर द्यावे.

आणि एक काम आजच करावे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि एखाद्या खासगी पशुवैद्यांचा फोन नंबर कागदावर लिहून, आपल्या डॉक्टरच्या नंबरशेजारी भिंतीवर लावून ठेवावा. रात्री दहा वाजता तो शोधत बसण्यात जो अर्धा तास जातो, तोच उपचाराचा सर्वांत मोलाचा अर्धा तास असतो.